हिरवा दुरुस्त करायचा नाही

माझी आई मला हिरवी आठवते. यावर कुणाला वाद घालायचा असेल तर खुशाल घालावा, मी तयार आहे. आयुष्यभर दुसरं केलंय काय?

निफाडच्या पुढं आमचं गाव. घरची द्राक्षबाग, जुन्या पद्धतीच्या मांडवाची. आता सगळीकडं ‘वाय’ आलेत, म्हणजे वाय आकाराच्या लोखंडी अँगलवर दोन्ही बाजूंना पसरलेला वेल आणि मधून मोकळं आभाळ. मांडवाचं तसं नव्हतं. डोक्याच्या वर तारांची जाळी, तिच्यावर वेल. ऑक्टोबरची छाटणी होऊन दोनेक महिने गेले की पानाला पान भिडायचं आणि ऊन खाली यायचं ते पानांतून गाळून. भर दुपारी आत शिरलात की हात हिरवा, सदरा हिरवा, समोरचा हसला तर त्याचे दातसुद्धा हिरवे. आई दिवसभर त्यात असायची. हात वर करून कात्रीनं घडातले मणी विरळायचे, घड औषधाच्या मगात बुडवायचे, दुपारी तिथंच बसून भाकरी खायची. शाळा सुटली की मी दप्तर टाकून थेट मांडवात जायचे आणि ती हिरवी बाई माझ्याकडं बघून म्हणायची, “आली का भवानी?” घरात चुलीपाशी तीच बाई वेगळी दिसायची. दमलेली, काळवंडलेली, दहा जणांचे हुकूम ऐकणारी. मांडवात तिला हुकूम सोडायची कुणाची बिशाद नव्हती. म्हणून मला ती मांडवातलीच आठवते.

पुढं मी कॅमेऱ्याच्या मागं गेले. कशी गेले, हे मला प्रत्येक सत्कारात विचारतात, आणि विचारणाऱ्याला उत्तर असं हवं असतं की लहानपणी कुणीतरी हातात कॅमेरा दिला आणि माझे डोळे चमकले. डोंबल! आमच्याकडं लग्नाचे फोटो काढायलासुद्धा माणूस पिंपळगावहून आणावा लागायचा. मला तालुक्याच्या कॉलेजात बी.कॉम. करायचं नव्हतं, आणि पुण्यात सिनेमाचं शिक्षण मिळतं असं पेपरात वाचलं होतं, एवढंच कारण. घरात आकांडतांडव झालं. वडील म्हणाले, पोरीच्या जातीला ही थेरं कशाला. आई म्हणाली, जाऊ द्या, इथं राहिली तर रोज तुमच्याशी भांडंल, तिकडं दुसऱ्यांशी भांडंल. वडिलांना ते पटलं असावं.

शिकताना फिल्मवर एक छोटा सराव करायचा होता. बाकीच्यांनी पुण्यातले पूल आणि जुनी दारं टिपली. मी कॅमेरा घेऊन घरी आले आणि आईला मांडवात बसवलं. तिनं काही करायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं, आणि तेच तिला जमेना. हात रिकामे ठेवायची सवयच नव्हती. शेवटी तिनं पडलेली पानं गोळा करायला घेतली आणि माझं चित्रण झालं.

प्रिंट आली तर पडद्यावर आई गुलाबी! पानं करडी, माती विटकरी, आणि आई साबणाच्या जाहिरातीतल्या बाईसारखी गुलाबी. लॅबमधले गृहस्थ खुशीत होते. म्हणाले, “तुमच्या निगेटिव्हमध्ये ग्रीन फार आला होता. आम्ही दुरुस्त करून दिलं.” मी म्हणाले, होतं तसं करा. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाळ, माणसाचा चेहरा हिरवा नसतो.” “आमच्याकडं असतो,” मी म्हणाले. त्यांना वाटलं पोरगी उद्धट आहे. पोरगी उद्धट होतीच, पण चेहराही हिरवा होता ना! शिक्षकांनीही लॅबचीच बाजू घेतली आणि मला सगळ्यांत कमी मार्क मिळाले. तांत्रिक दोष, असा शेरा होता.

त्यानंतर मुंबईत बरीच वर्षं मी दुसऱ्यांच्या कॅमेऱ्याच्या पेट्या वाहिल्या, मग दुसऱ्यांचे कॅमेरे धरले, मग दुसऱ्यांचे सिनेमे चित्रित केले. प्रत्येक युनिटमध्ये कुणीतरी एक शहाणा असायचाच, जो म्हणायचा, “मॅडम, कॅमेरा जड आहे, तुम्ही राहू द्या.” मी म्हणायचे, तू द्राक्षाचा भरलेला क्रेट कधी उचललायस का? मग तो हसायचा, कारण त्याला वाटायचं मी विनोद करतेय. एकदा एकानं खरंच विचारलं की क्रेट म्हणजे किती जड. मी त्याला म्हणाले, जानेवारीत ये घरी, उचलून बघ. आला नाही.

पुरस्कार मिळाला तो कोळशाच्या खाणीवरच्या एका सिनेमाच्या छायाचित्रणाला. त्यात अंधार होता आणि अंधारात माणसं होती. तो सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा आईनं अख्खा पाहिला आणि फोन करून म्हणाली, “काहीच दिसलं नाही गं. टीव्ही बिघडलाय का तुमचा पिक्चर?” मी इतकी हसले की शेजारचे दार वाजवायला आले. तिला मी सांगितलं, पुढचा तुझ्या मांडवातला करते, लख्ख दिसेल. ती म्हणाली, मांडवात काय पाहायचंय डोंबलाचं.

तो पुढचा सिनेमा करायला मी उशीर केला असं मी म्हणणार नाही. मला तो करू दिला नाही. पुरस्कार मिळाला की लोक तुमच्याकडं तेच परत मागायला येतात. मला सगळे अंधारच द्यायला लागले. गुन्हेगारांचा अंधार, भुतांचा अंधार. मी दिग्दर्शन करते म्हटलं की समोरचा गालात हसून म्हणायचा, “नक्की करा, आधी आमचं हे एवढं पार पाडा.” दरम्यान आई गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास दिला नाही, आणि याचा मला आजही राग येतो, कारण तिनं आयुष्यात एकदा तरी कुणाला त्रास द्यायला हवा होता.

दिवसकार्य आटोपल्यावर दादा म्हणाला, “मांडव काढतो गं. वाय बसवायचेत. समद्यांनी बसवले, आपलाच राहिला. हे पीक उतरलं की तारा सोडायच्या.” दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वडिलांनंतर बाग तोच पाहतो. त्याचं चूक नव्हतं. मांडवाचे दगडी खांब कलले होते, तारा गंजल्या होत्या, मजूर मिळत नव्हते. पण मी आतून हलले. ज्या उजेडात मी माझी आई पाहिली तो उजेड जगात आणखी एकच मोसम राहणार होता. त्याच आठवड्यात मी नाशकात जाऊन एका बांधकामवाल्या गृहस्थांसमोर बसले, ज्यांना सिनेमा काढायची हौस होती, आणि त्यांना म्हणाले, अंधाराचा सिनेमा पाहिजे असेल तर दुसरीकडं जा. ते गंगापूर रोडला राहतात, गाडीत कायम देवाचा अंगारा आणि हेल्मेट दोन्ही ठेवतात. माणूस वाईट नाही. गोष्ट ऐकून त्यांचे डोळे भरले आणि ते म्हणाले, “ताई, करू.” तेच माझे निर्माते.

गोष्ट साधी होती. एक बाई आहे. घरात तिला कुणी काही विचारत नाही. तिनं वाढवलेली बाग तिला न विचारता विकायची ठरते. हे तिला कळतं तेव्हा ती मांडवात जाऊन बसते. बराच वेळ काही बोलत नाही, मग एकटीच हसते, आणि त्या हसण्यावरून आपल्याला कळतं की ही बाई आता बाग विकू देणार नाही. तो एक प्रसंग सिनेमाचा जीव होता. तो प्रसंग हिरवा व्हायला हवा होता. बाकी सगळं मी कुणाच्याही मनासारखं करायला तयार होते. बरं, तयार नव्हते, पण निदान ऐकून घेतलं असतं.

जानेवारीत चित्रीकरण ठरलं. आधी आम्ही जागा बघायला गेलो. माझा सहायक प्रकाश मोजायचं यंत्र घेऊन मांडवात फिरत होता आणि दर दहा पावलांवर ओरडत होता, “लाइट कमी आहे! इथं पण कमी आहे!” म्हणजे त्याला मला विचारायचं होतं की लेन्स कुठली लावू. दादा मागं हात बांधून उभा होता. तो ऐकत होता. आम्हाला चहा पाजला, हुरडा खाऊ घातला, आणि आम्ही नाशकाला परतलो.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी युनिटच्या गाड्या घेऊन आम्ही बागेत पोचलो. मी खाली उतरले, मांडवात पाऊल टाकलं. आत ऊन! जाळीदार अनारशासारखं सगळीकडं भोकाभोकाचं ऊन पसरलेलं. वर पाहिलं तर पानंच नव्हती. घड उघडे लोंबत होते आणि त्यांच्यामधून निळं आभाळ. दादा एका खांबाला टेकून उभा होता. आमच्याकडं बघून इतका खूश झाला की सांगता सोय नाही.

“काल दिवसभर बाया लावल्या अन् पानं काढून घेतली,” तो म्हणाला. “तुझा तो पोरगा ओरडत व्हता ना, लाइट कमी हाय म्हणून? घ्या आता. लय उजेड हाय.”

द्राक्षवाल्याला हेच सुचणार. घडाला उजेड कमी पडला की पानं काढायची, हे त्याच्या हाडीमासी भिनलेलं. मला उजेड कमी पडतोय म्हटल्यावर त्यानं माझ्यासाठी तेच केलं. आणि केलं ते काय साधंसुधं? पिकायच्या बेतात आलेले घड उघडे टाकले होते, ज्यांना ऊन लागून डाग पडणार हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी ते पाहत होते, मला ते कळत होतं, आणि तरी मी किंचाळले. “दादा, अरे काय केलंस हे! मला हिरवा उजेड पाहिजे होता रे! हिरवा!” अख्खं युनिट बघत होतं. नायिकेचं काम करणारी नाशकातली नाटकवाली बाई मेकअप करता करता थांबली. दादाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “हिरवा उजेड म्हंजे काय आता?” आणि विहिरीकडं निघून गेला.

मी माफी मागितली नाही. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही, चहा विचारायची आहे. मी विहिरीवर चहा घेऊन गेले. तो कप हातात घेऊन म्हणाला, “त्या ठिबकच्या खोलीमागं दोन-चार वेल हायेत. तिथं बाया पोचल्या नव्हत्या. अंधार पडला म्हणून सोडलं.”

त्या दोन-चार वेलांखाली आम्ही सिनेमाचा जीव चित्रित केला. कॅमेरा मागं घ्यायला जागा नव्हती, मी भिंतीला पाठ लावून बसले. लाइटवाले दिवे लावायला आले, त्यांना हाकललं. नायिका खाली मातीत बसली. दुपार झाली, ऊन वर चढलं, आणि पानांतून तो उजेड तिच्या चेहऱ्यावर उतरला. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग हसली. मी डोळा कॅमेऱ्याला लावून रडत होते, आणि कॅमेरा हलू नये म्हणून श्वास धरून रडत होते, आणि हे फार अवघड काम आहे. कट म्हणायचं विसरले. सहायकानंच म्हटलं.

मग दोन महिन्यांनी दादानं द्राक्ष उतरवलं, डागी माल वेगळा काढला, त्याबद्दल मला एक शब्द बोलला नाही, आणि एप्रिलात तारा सोडून मांडव काढला.

आता खरी लढाई. सिनेमाचे रंग ठरवतात ती मुंबईतली खोली, थंडगार, काळ्या भिंतींची. तिथला मुलगा हुशार होता. मी पोचायच्या आधीच त्यानं तो प्रसंग करून ठेवला होता. पडद्यावर बघते तर नायिका गुलाबी! तेच! इतक्या वर्षांनी, इतकी यंत्रं बदलून, तेच! तो म्हणाला, “मॅम, फेसवर ग्रीन होता, करेक्ट केलाय.” त्याची चूक नव्हती, त्याला तसंच शिकवलं होतं. मी त्याला म्हणाले, बाळा, उठ, चहा पिऊन ये, आणि आलास की हा हिरवा जसा होता तसा परत आण. त्यानं आणला. वर म्हणाला, “पण मॅम, लोकांना वाटेल टीव्ही खराब झालाय.” मला आईचा फोन आठवला आणि हसू आलं. म्हटलं, वाटू दे.

सिनेमा एका मोठ्या ओटीटीवाल्यांना दाखवला. त्यांना आवडला. घ्यायला तयार झाले. निर्मात्यांनी पेढे वाटले, माझ्या घरीही पाठवले. आणि मग ओटीटीवाल्यांच्या तपासणी करणाऱ्या लोकांकडून निरोप आला: मांडवातल्या प्रसंगात चेहऱ्याचा रंग सदोष आहे, दुरुस्त करून द्यावा. मी कळवलं, तो दोष नाही. त्यांनी कळवलं, दोष आहे. मी कळवलं, तुमच्यापैकी कुणी मांडवात उभं राहिलंय का? काही दिवसांनी निर्मात्यांकडं निरोप गेला की दुरुस्ती झाल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

निर्माते मला भेटायला आले ते तोडगा घेऊन. माझ्याच धंद्यातल्या दोघातिघांनी त्यांना तो सुचवला होता, आणि त्यांना वाटत होतं की याहून चांगलं काही असूच शकत नाही. “ताई, दोन प्रती करू. ओटीटीला दुरुस्त केलेली. महोत्सवांना तुमची हिरवी. तुमचा मान राहतो, माझं काम होतं. साप भी मरे, लाठी भी न टूटे.”

मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडले नाही, इतका राग आला होता. मग हळूच म्हणाले, “शेठ, महोत्सवात कोण येतं? ज्यांनी आयुष्यात मांडव पाहिलेला नाही ते. त्यांना आपण हिरवी दाखवायची, ते म्हणणार वा वा, काय कलात्मक रंग आहे. आणि निफाडची बाई घरी मोबाइलवर बघणार, जी त्या मांडवात उभी राहून म्हातारी झाली, तिला आपण गुलाबी दाखवायची? तिचाच चेहरा तिला दुरुस्त करून द्यायचा?”

ते म्हणाले, “तिला काय फरक पडतो ताई.”

“मला पडतो,” मी म्हणाले. “नाव काढा माझं वाटलं तर. पण मी असेपर्यंत तो चेहरा कुणी धुणार नाही.”

त्यांचं नुकसान होत होतं आणि ते मला दिसत होतं. मी काही दगड नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, “एक काम करू. तुमच्याच लोकांना दाखवू. मला एकदा बघू द्या त्यांना काय वाटतं. त्यांना खटकलं, ते हसले, तर ऐकाल का?”

“नाही.”

“मग दाखवायचा कशाला?”

“त्यांचा आहे म्हणून,” मी म्हणाले.

पिंपळगावला वहिनीच्या माहेरच्यांचं द्राक्षाचं पॅकहाउस आहे, माल निवडून पेट्यांत भरायचा मोठा हॉल. एव्हाना पुढच्या वर्षीचा मे महिना उजाडला होता, मोसम संपून हॉल रिकामा पडलेला. एका भिंतीला पांढरा पडदा ताणला, शटर खाली ओढलं, दुपारी दोनला हॉलमध्ये गच्च अंधार. आणि एसी चालू ठेवला. त्यामुळं सिनेमा पाहायला आलेले किती आणि गारव्याला आलेले किती, हे मी सांगू शकत नाही. आमच्या गावातून दोन टेम्पो भरून लोक आले. बागेत काम करणाऱ्या बाया आल्या. दादा इस्त्रीचा शर्ट घालून पुढं बसला. निर्माते मागच्या भिंतीपाशी, मी त्यांच्या शेजारी उभी. सगळ्यांना वाटत होतं की मी बेफिकीर आहे. खोटं. कुणी फिदीफिदी हसलं तर मी काय करणार होते? निर्मात्यांना नाही म्हणून सांगितलं होतं, पण आतल्या आत मी ठरवलं नव्हतं. त्या लोकांसाठी भांडत होते आणि त्यांनीच मला वेड्यात काढलं असतं तर मला राहायला जागा उरली नसती.

सिनेमा सुरू झाला आणि लोकांनी जो कलकलाट मांडला! “अगं, ती कात्री कशी धरतीय बघ!” “हा आपल्या चौकातला रस्ता, तो बघ माझा टेम्पो, तो बघ, गेला!” “सासू बरोबर आमच्या आत्यावाणी हाय.” एक म्हातारे गृहस्थ दर दोन मिनिटांनी पडद्यावरच्या औषधाच्या पंपाला नावं ठेवत होते. निर्माते माझ्याकडं बघून हसले. मी हसले नाही. तो प्रसंग जवळ येत होता.

आणि आला. बाई मांडवात जाऊन बसली. पडद्यावर तो चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत हिरवा, हॉलभर त्याचा उजेड, पुढच्या रांगेतल्या बायांच्या पदरांवरसुद्धा हिरवी झाक. कलकलाट थांबला. एकही माणूस हसला नाही, कुणी खाकरलं नाही. बाई बसली होती, लोक तिच्याबरोबर बसले होते. मग ती हसली, तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, “आता नाय विकत ही. आता बघा!” आणि सगळा हॉल पुन्हा बोलायला लागला.

संपल्यावर शटर वर गेलं, ऊन आत आलं, लोक डोळे चोळत उठले. वहिनी चहाचे कप मांडत होती. निर्मात्यांना राहवेना. ते सरळ तिच्याकडं गेले आणि अगदी अदबीनं म्हणाले, “वहिनी, खरं खरं सांगा हं. तो मांडवातला प्रसंग, त्यात तो हिरवा रंग तुम्हाला विचित्र नाही वाटला?”

वहिनीनं किटली खाली ठेवली. “कुठला हिरवा?”

“अहो, तिचा चेहरा. सगळा हिरवा होता की.”

वहिनीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, हा माणूस बरा आहे ना अशा नजरेनं. तिनं शेजारच्या बाईला विचारलं, “हिरवी दिसली का गं तुला?” ती बाई म्हणाली, “नाय बा.” दोघी विचारात पडल्या. मग वहिनीच्या लक्षात आलं की पाहुण्यांना काहीतरी समजलेलं नाही, आणि ती त्यांना समजावून सांगू लागली. “अहो भाऊ, मांडवात बसलीय ना ती!”

तिनं निर्मात्यांच्या हातात कप दिला. चहावर साय धरली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देऊन बायांना बोलावत होता. मग ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “ठीक आहे ताई. मी कळवतो त्यांना, होत नाही म्हणून. घेतला तर घेतला, नाहीतर दुसरं दार बघू. राहू दे हिरवा.”

“मी परवानगी मागितलीच नव्हती,” मी म्हणाले, आणि त्यांच्या हातातला गार झालेला चहा घेऊन त्यांना दुसरा दिला.